सत्तावन्न टक्के उज्ज्वला

वेलमार बंदरावरच्या काचेच्या मार्गिकेत उज्ज्वला हावळ सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी शिरली. वीस मीटरची सरळ वाट, खाली करडं रबर, वर दिव्यांची रांग. चालत पलीकडे जायचं, एवढंच काम. तिच्या पुढे तिचा नवरा सुधाकर गेला तेव्हा त्याच्या डोक्यावरचे दिवे एकामागून एक हिरवे होत गेले होते. उज्ज्वला निम्म्यावर पोचली आणि तिच्या डोक्यावरचा दिवा लाल झाला.

तिला वाटलं, मागच्या माणसाचा असेल. ती बाजूला सरकली. लाल दिवाही तिच्याबरोबर सरकला.

“काकू, परत मागे जाऊन या,” पलीकडून टूर लीडर निनाद ओरडला. “घाई केलीत तुम्ही. आरामात चाला.”

ती मागे गेली, पुन्हा चालली. पुन्हा लाल. या वेळी भिंतीवर आकडाही उमटला: सत्तावन्न. समोरचा काचेचा दरवाजा बंद झाला, उजवीकडचा उघडला, आणि गणवेशातल्या एका उंच माणसानं तिला हातानं आत बोलावलं. छातीवरच्या पट्टीवर त्याचं नाव होतं, टॉर्वाल. तो काहीतरी बोलला. उज्ज्वलाच्या कानातल्या दुभाष्या यंत्रानं ते मराठीत आणलं. पुस्तकी मराठीत आणि अगदी गोड आवाजात.

“आदरणीय महोदया, आपण उज्ज्वला सुधाकर हावळ असल्याचे सांगता. परंतु आपण त्या नाही आहात.”

“मी न्हाई तर मग मी कोण हाय?”

टॉर्वालनं प्रश्न नीट ऐकून घेतला.

“ते अद्याप ठरलेले नाही,” दुभाष्या म्हणाला.

पासपोर्टची पुस्तिका बंद होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. ती एकदम बंद झाली नाही. आधी चेहऱ्यावरचा विश्वास गेला, कारण हवा तो चेहरा चढवता येईल इतक्या पातळ कातडीचे मुखवटे विकत मिळू लागले. मग बोटांचे ठसे गेले. पाण्याच्या पेल्यावरून ते उचलता येत होते. डोळ्यांतल्या बुबुळांची नक्षी तर कुणाच्याही लग्नातल्या फोटोवरून काढता यायची. उरलं ते चालणं. माणूस चालतो तेव्हा घोटा, गुडघा, कंबर आणि खांदा एका ठरलेल्या क्रमानं हलतात, आणि त्यांच्यामधलं अंतर सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजावं लागतं. हाडांची लांबी, स्नायूंचा ताण, लहानपणी झाडावरून पडल्यावर वाकडा जुळलेला पाय, या सगळ्यातून तो क्रम तयार होतो. दुसऱ्याची सही गिरवता येते, दुसऱ्याचा घोटा गिरवता येत नाही. रबराखालचे दाब मोजणारे धागे आणि छतातलं रडार मिळून दर पावलाची दोनशे मापं घेत. घरी झालेल्या मूळ नोंदीशी ऐंशी टक्क्यांवर जुळलं की हिरवा दिवा. एक्केचाळीस देशांनी करार केला आणि कागद रद्द झाले.

टूर कंपन्या खूश झाल्या. पूर्वी टूर लीडर सगळ्यांचे पासपोर्ट स्वतःच्या ताब्यात घेऊन कमरेच्या पाऊचमध्ये ठेवायचा आणि दर दोन तासांनी ते मोजायचा. आता त्याला फक्त माणसं मोजावी लागत. ‘हात हलवत जगभर’ असं जाहिरातीत लिहिलेलं असे.

उज्ज्वला हात हलवत आली नव्हती. तिनं टी-शर्टखालून कमरेची पिशवी ओढून काढली आणि टॉर्वालच्या टेबलावर एकेक वस्तू मांडली. आधार कार्ड. मतदार ओळखपत्र. रेशन कार्डाची झेरॉक्स. कोपरा कापलेला जुना पासपोर्ट, त्यात तिचा पंधरा वर्षांपूर्वीचा फोटो. निघताना सुधाकर या पिशवीला हसला होता.

टॉर्वालनं पासपोर्ट हातात घेतला, पानं उलटली आणि अदबीनं परत दिला.

“ही पुस्तिका केवळ या पुस्तिकेची ओळख पटवते,” दुभाष्या म्हणाला. “आपली नाही. आपणास आणखी एक संधी आहे. तिसऱ्यांदा लाल दिवा लागल्यास आपली नोंद संशयित ओळख अशी होईल आणि करारातील सर्व देशांत पाच वर्षे प्रवेश बंद राहील. कृपया आसन ग्रहण करावे.”

पाच वर्षं. उज्ज्वलानं खुर्चीची पाठ घट्ट धरली. तिची मुलगी मृणाल त्या एक्केचाळीसपैकी एका देशात राहत होती. तिला सातवा महिना चालू होता. नऊ आठवड्यांनी बाळंतपण, आणि त्यासाठी उज्ज्वलाचं तिकीट काढून ठेवलेलं होतं. ही सहल सुधाकरच्या निवृत्तीची होती. तिची खरी फेरी ती पुढची होती. मृणालला पहिल्या खेपेला सहाव्या महिन्यात दवाखान्यातून मोकळ्या हातानं घरी यावं लागलं होतं, आणि तेव्हा तिच्याजवळ कुणी नव्हतं. ‘आई, ह्या वेळी तू पाहिजेस,’ एवढंच ती म्हणाली होती.

प्रतीक्षा कक्षात आणखी एक बाई बसली होती. साठीची, गोरी, जाड, निळ्या जीन्समध्ये अवघडलेली. उज्ज्वला शेजारी बसल्यावर तिनं आपणहून हिंदीत सांगितलं, ती जयाबेन, राजकोटची. कालपासून इथेच होती.

“कल से? और घर का लोग?”

“बेटा-बहू सुबह की बोट से गए. बुकिंग था ना.” जयाबेन हसायचा प्रयत्न करत म्हणाली. “बोले, मम्मी, आप फॉर्म साइन करके घर जाओ, हम छह दिन में आते हैं.”

“और तुमने साइन किया?”

“क्या करती? साइन करने से पाँच का दो साल होता है.”

तेवढ्यात दरवाजा उघडून निनाद आणि सुधाकर आत आले. निनादच्या हातात तोच फॉर्म होता. चाळिशीचा, सतत घड्याळ बघणारा हा माणूस वाईट नव्हता. त्याच्या गटात सव्वीस माणसं होती आणि बोट अकरा चाळीसला सुटणार होती.

“काकू, घाबरू नका,” तो म्हणाला. “असं होतं कधी कधी. दोन मार्ग आहेत. एक, हा फॉर्म. ‘माझी ओळख पटली नाही हे मला मान्य आहे’ असं त्यात आहे. सही केली की तुम्हाला सन्मानानं घरी पाठवतात, बंदी फक्त दोन वर्षं. दुसरा मार्ग, हमी. जवळच्या नातेवाइकानं सांगायचं की ही हीच. मग एक वरिष्ठ येऊन निर्णय देतो.”

“मग सोपं हाय की,” उज्ज्वला म्हणाली. “हे हायत न्हवं. सांगा हो ह्यास्नी.”

 एकतीस वर्षं सुधाकर सरकारी कचेरीत दाखल्यांच्या खिडकीमागे बसला होता. समोर आलेल्या माणसाकडे न बघता कागदाकडे बघायची त्याला सवय होती. आताही तो निनादच्या हातातला कागद वाचत होता. खाली, बारीक अक्षरातलं.

“यात एक कलम आहे,” तो म्हणाला. “हमी चुकीची ठरली तर हमीदारालाही पाच वर्षं बंदी.”

“चुकीची कशी ठरंल? मी तुमची बायको हाय का न्हाई?”

“अगं, ते मला माहीत आहे. पण हे लोक आकड्यावर जातात. सत्तावन्न म्हणजे फार कमी आहे. साठच्या वर असतं तर मी लगेच... आणि दोघंही अडकलो तर मृणालकडे कोण जाणार? निदान एकानं तरी मोकळं राहायला पाहिजे.”

“तुम्ही जाणार बाळंतपणाला?” उज्ज्वलाचा आवाज चढला. “तुम्ही? स्वतःची लेक जन्माला आली तवा चौथ्या दिवशी आलासा बघायला! काय करणार हायसा तिथं जाऊन? बाळाला दाखला काढून देणार?”

निनादनं घड्याळाकडे पाहिलं. जयाबेनला मराठी येत नव्हतं, पण तिनं मान खाली घातली.

“चारचौघांत ओरडू नकोस,” सुधाकर हळू म्हणाला. मग अगदी खरेपणानं, खुलासा केल्यासारखा म्हणाला, “आणि खरं सांगू का, आज सकाळी तू वेगळीच चालत होतीस. हॉटेलातनं निघाल्यावर माझ्या पुढे निघून गेलीस. मागनं बघून मलाच क्षणभर वाटलं, ही कोण? मग मी शपथेवर काय सांगू?”

उज्ज्वलानं त्याच्याकडे पाहिलं. तेहेतीस वर्षांचा संसार. या माणसाला तिच्या पावलाच्या आवाजावरून कळायचं की ती चहा आणते आहे की नुसतीच येते आहे. आणि आज त्याला सत्तावन्न टक्के बायको दिसत होती. रागानं तिचे कान गरम झाले. पण त्या रागातही त्याचं एक वाक्य कापडातल्या गाठीसारखं बोटाला लागलं. वेगळीच चालत होतीस.

खरं होतं ते. काल रात्रीच्या जेवणाला निनादनं सगळ्या बायकांना बजावलं होतं, उद्या बोटीवर वारा असेल, साडी नको. बाकीच्यांना रोजच ड्रेस-पँटची सवय होती. मृणालनं पाठवलेली पँट आणि जाड तळव्याचे बूट तिनं आज आयुष्यात पहिल्यांदा घातले होते. हावळांच्या घरात लग्न होऊन आल्यापासून साडीशिवाय काही अंगाला लागलेलं नव्हतं. परवा विमानातून उतरतानाही साडीच होती, आणि दिवा हिरवा झाला होता. काठावर, ब्याऐंशी.

इचलकरंजीतल्या एका कापड गिरणीत उज्ज्वलानं सव्वीस वर्षं तपासनीस म्हणून काम केलं होतं. दिव्याच्या टेबलावरून कापड सरकत जायचं आणि तिनं दोष हेरून खडूची खूण करायची. त्या कामाचा पहिला धडा असा होता: दोष एकदाच दिसला तर धाग्याचा. तोच दोष ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा दिसला, तर धागा सोडा, माग तपासा.

ती जयाबेनकडे वळली. हिंदी मोडकी होती, पण प्रश्न सरळ होते.

“तुम्हारा चलने का रेकॉर्डिंग हुआ था, तब क्या पहना था?”

“साडी. हम तो रोज साडी ही पहनते हैं. उस दिन तो पटोला, भारीवाला. फोटो भी था ना!”

“और पैर में?”

“पैर में कुछ नहीं. मंदिर के हॉल में था, चप्पल बाहर.”

उज्ज्वला ताडकन उभी राहिली. तिच्या नोंदीचं शिबिर समाजाच्या मंगल कार्यालयात झालं होतं. आत देवाची तसबीर आणि समई, त्यामुळे कुणी न सांगता सगळ्यांनी चपला दारात काढल्या. फोटो निघणार म्हणून सगळ्या बायका ठेवणीतल्या काठापदराच्या साड्या नेसून आल्या होत्या. नव्या, कडक, मोजून पाऊल टाकावं लागणाऱ्या. मशीनवरची मुलगी म्हणाली होती, ‘रोजच्यासारखं चाला.’ आणि त्या सगळ्याजणी लग्नात मुलाकडच्यांसमोर चालतात तशा चालल्या होत्या.

“अहो साहेब!” तिनं टॉर्वालला हाक मारली आणि हातवारे करत सगळं सांगितलं. दुभाष्याला बराच वेळ लागला. काठापदर हा शब्द त्यानं दोनदा पुन्हा विचारला.

टॉर्वालनं पडद्यावर काहीतरी उघडून वाचलं.

“वस्त्रांचा परिणाम यंत्र वजा करते,” दुभाष्या म्हणाला. “ओव्हरकोट, स्कर्ट, झगा, बर्फातील बूट, अशा चारशे प्रकारांवर यंत्राचे प्रशिक्षण झाले आहे.”

“त्यात साडी हाय का?”

टॉर्वाल शोधत राहिला. बोट वरून खाली, पुन्हा वरून खाली.

“यादीत तो शब्द आढळत नाही.”

झगा अंगावर असतो. आतले पाय मोकळे असतात. साडी नेसली की कमरेशी गाठ बसते, निऱ्या पायांच्या मधे येतात, आणि पाऊल किती पुढे जाऊ शकतं ते कापड ठरवतं. तेहेतीस वर्षं नेसली की ते शरीरच ठरवायला लागतं. यंत्रानं त्या बांधलेल्या पावलाला उज्ज्वलाचं हाड समजून नोंदवलं होतं. आणि आज ती मोकळी चालली तेव्हा यंत्राच्या लेखी ती दुसरी बाई होती.

“मग मी साडी नेसून चालते,” ती म्हणाली.

“काकू, बॅगा बोटीत चढल्या,” निनाद म्हणाला. “दहा वाजताच.”

उज्ज्वलानं खोलीभर नजर फिरवली. काचेच्या भिंतीला छतापासून जमिनीपर्यंत करडा पडदा होता, दोन भिंती व्यापणारा, एकसंध. तिनं तो चिमटीत धरला. पॉलिस्टर, पन्हा बरा, सळ धरणारं नाही पण निभेल. तिनं पडदा कड्यांवरून ओढायला सुरुवात केली.

“आदरणीय महोदया, पडदा ही शासकीय मालमत्ता आहे,” दुभाष्या गोड आवाजात म्हणाला.

“फाडत न्हाई, नेसालोय,” उज्ज्वला म्हणाली.

“उज्ज्वला, काय हे? लोक बघताहेत,” सुधाकर म्हणाला.

“बघू देत. तुम्हाला तरी दिसंल मी कोण ते.”

जयाबेन उठली आणि काही न विचारता पडद्याचं दुसरं टोक धरून उभी राहिली. उज्ज्वलानं बूट-मोजे काढले, पँटवरच कापड गुंडाळलं, कमरेच्या इलॅस्टिकमध्ये निऱ्या खोचल्या, पदर घेतला. टॉर्वालनं अडवलं नाही. नियमावलीत पडदा नेसायला बंदी नसावी.

ती मार्गिकेत उतरली. तिसरी आणि शेवटची खेप. पहिल्याच पावलाला निऱ्या गुडघ्याला लागल्या आणि बाकीचं शरीरानं आपोआप केलं. मांड्या जवळ आल्या, टाच अलगद पडली, खांदा पदर सांभाळायला किंचित वाकला. तिला काहीच करावं लागलं नाही. हेच तिला सहन होईना. सकाळी हॉटेलपासून बंदरापर्यंतच्या वाटेवर तिनं लांब टांगा टाकल्या होत्या, समुद्राकडून आलेला वारा पायांमधून गेला होता, आणि कशाचं हसू येतंय ते न कळता ती हसली होती. ती बाई इथे कुणाच्या नोंदीत नव्हती. जी नोंदीत होती ती सांभाळून, जपून, वीस मीटर चालत गेली.

दिवे हिरवे होत गेले. भिंतीवर आकडा आला: एक्क्याण्णव.

“स्वागत आहे, उज्ज्वला महोदया,” दुभाष्या म्हणाला.

निनादनं टाळी वाजवली. “काकू, कमाल! चला, अकरा दहा झालेत, आरामात पोचतो.”

“बघ, झालं की नाही,” सुधाकर म्हणाला. त्याच्या आवाजात सुटका होती, आणि थोडा मोठेपणाही. जणू त्यानं धीर धरला म्हणून हे झालं. “उगाच एवढा त्रागा केलास. आता बोटीवर गेल्या गेल्या बॅगेतली साडी काढ, आणि परत घरी जाईपर्यंत साडीच नेस. विषय संपला.”

उज्ज्वला पुढच्या दाराकडे न जाता परत प्रतीक्षा कक्षात आली. तिनं पडदा सोडला आणि जयाबेनच्या कमरेला लावला. पण टॉर्वालनं मान हलवली. सही केलेल्या माणसाला मार्गिका उघडत नव्हती.

“का म्हणून? आत्ता तुमच्या डोळ्यांदेखत काय झालं?”

“मी पाहिले,” दुभाष्या म्हणाला. टॉर्वाल पहिल्यांदाच थोडा अडखळला होता. “परंतु माझ्या मतासाठी अर्जात रकाना नाही.”

“ह्या वाटेवर आणि किती जणांस्नी लाल लागला? ह्या महिन्यात?”

त्यानं यंत्रावरची नोंद तपासली. “तीस दिवसांत एकोणीस.”

“बायका किती?”

त्यानं पुन्हा मोजलं. “एकोणीस.”

“नावं वाचा.”

नावं वाचायची परवानगी नव्हती. पण त्यानं ती मनातल्या मनात वाचली, आणि वाचताना त्याचा चेहरा बदलत गेला ते तिला दिसलं. मग तो दाराकडे बघत, हळू आवाजात, बराच वेळ बोलला.

दुभाष्यानं सांगितलं ते असं: एकाच मार्गिकेनं एका तासात एकाच व्यक्तीची ओळख आधी मान्य आणि मग अमान्य केली, तर ती मार्गिका सदोष समजून बंद करावी लागते. तिथल्या मागच्या तीस दिवसांतल्या सगळ्या लाल नोंदी, सही केलेल्यासुद्धा, केंद्रीय समितीकडे पुन्हा सुनावणीला जातात. आधी लाल आणि मग हिरवा हे चालत नाही. तो सुधारलेला प्रयत्न मानतात. हिरव्यानंतर लाल यावा लागतो. परंतु ज्या व्यक्तीमुळे हे घडलं, तिचा हिरवा दिवाही सुनावणीपर्यंत रद्द होतो. सुनावणी तीन आठवड्यांत. निकाल कसाही लागू शकतो. विरोधात गेला तर पाच वर्षं.

“मी आपणास हे करण्याचा सल्ला देत नाही,” दुभाष्या शेवटी म्हणाला. टॉर्वालनं ते वाक्य दोनदा म्हटलं होतं. दुभाष्यानंही दोनदा सांगितलं.

उज्ज्वला खाली बसली आणि बूट घालू लागली.

“काकू, काय करताय?” निनाद म्हणाला.

“वेड लागलं का तुला?” सुधाकर तिच्यासमोर येऊन उभा राहिला. “हिरवा मिळालाय! कोण कुठली ती बाई! मृणालचा विचार कर.”

“तिचाच करालोय.” ती नाडीला गाठ मारत म्हणाली. “तिच्या गावात रस्त्याच्या दर कोपऱ्यावर हे दिवे हायत. दवाखान्याच्या दारात हायत. तीन महिने मी तिथं काय करू? मोजून पावलं टाकू? रात्री बाळाला फेफरं आलं आणि उचलून पळायची येळ आली तर? पळताना दिवा लाल झाला की मला धरतील आणि बाळ काढून घेतील. ‘ही आजी न्हवं,’ म्हणतील. मग तुम्ही येणार हमी द्यायला?”



“आणि नाहीच जाता आलं तर?” सुधाकर म्हणाला. “लेकीला काय सांगशील?”

हा प्रश्न खरा होता. दवाखान्यातून एकटीनं घरी आलेल्या मृणालचा फोनवरचा आवाज तिला आठवला. हात थांबला. दुसऱ्या बुटाची नाडी तशीच लोंबत राहिली. जयाबेन पडद्याची घडी मांडीवर घेऊन बसली होती. आपल्याबद्दल चाललंय एवढं तिला कळलं असावं. तिनं हात हलवून सांगितलं, “नहीं बेन, नहीं. तुम जाओ. तुमको हरा मिला है, जाओ.” तिच्या मुलानं सकाळी असंच काहीतरी समजुतीचं बोलून तिला इथे सोडलं होतं, आणि तिनं तेव्हाही असाच हात हलवला असणार.

उज्ज्वलानं दुसरी नाडी बांधली, घट्ट, आणि उभी राहिली.

“बाजूला व्हा.”

“उज्ज्वला, मी सांगतोय...”

“तुम्हाला सांगायची येळ दिली हुती मी. बाजूला व्हा.”

तो झाला. ती मार्गिकेच्या तोंडाशी गेली. मागे रांगेत निदान साठ माणसं उभी होती, काचेला नाक लावून. टॉर्वालनं हात यंत्राच्या कळीवर ठेवला होता. तिला थांबवायला की सोडायला ते त्यालाही ठरवता येत नसावं. तिनं त्याच्याकडे बघून मान हलवली. त्यानं कळ दाबली.

ती चालली. मान वर, हात मोकळे, ढांगा टाकत. जेवढा पाय पुढे जाईल तेवढा जाऊ दिला. रबरावर बुटांचा दणदण आवाज झाला. तिसऱ्या पावलाला दिवा पिवळा झाला, पाचव्याला लाल, आणि मग शेवटपर्यंत सगळे दिवे लाल होत गेले. पलीकडच्या टोकाला ती पोचली तेव्हा भिंतीवर चोपन्न होते. मार्गिकेच्या दोन्ही तोंडांवर जाळ्या उतरल्या. कुठेतरी भोंगा वाजला. रांगेतली माणसं एकदम बोलू लागली, आणि निनाद कुणाला तरी फोन लावून बोट थांबवता येईल का विचारू लागला.

टॉर्वालनं नियमाप्रमाणे विचारायचं ते विचारलं, मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

“या महोदयांच्या ओळखीची हमी देणारे कोणी उपस्थित आहे काय?”

जाळीच्या पलीकडे सुधाकरनं हात वर केला. चेहरा पांढरा पडला होता, पण हात वर होता. शाळेतल्या मुलासारखा, ताठ.

“हात खाली घ्या,” उज्ज्वला म्हणाली. “चोपन्नला देताय, सत्तावन्नला काय झालं हुतं?”

हात थोडा वेळ तसाच राहिला, मग खाली आला.

उजवीकडच्या दारातून ती परत जयाबेनशेजारी जाऊन बसली. दम लागला होता.  टॉर्वाल टेबलाशी बसला, नवीन नोंद उघडली आणि मोठ्यानं वाचत भरू लागला. मार्गिका क्रमांक चार. सदोष. वेळ अकरा सव्वीस. सुनावणीस पात्र व्यक्ती.

“एकूण एकोणीस,” दुभाष्या म्हणाला.

“वीस,” उज्ज्वला म्हणाली. “मला धरून.”